उशीर कोणाच्या खात्यावर?

माल उतरवण्यासाठी रांगेत थांबलेले दोन ड्रायव्हर एकमेकांना ओळखत नसले, तरी पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांचे बोलणे मॅनेजरवर येते. रस्त्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण रस्ता सगळ्यांना सारखाच वाईट असतो. गाडीबद्दल थोडे बोलतात आणि तेही टायरपाशी येऊन संपते. मॅनेजर हा विषय मात्र संपत नाही. नोकरी सोडून पंधरा वर्षे झाली, तरी कुठल्या मॅनेजरने फोनवर काय म्हटले होते, हे माणसे शब्दशः सांगतात आणि सांगताना त्याचा सूरही काढून दाखवतात. मी २६ वर्षे मालट्रक चालवला आणि त्या काळात ७ मॅनेजरांच्या हाताखाली काम केले. त्यांतल्या बहुतेकांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ते आले, त्यांनी गाड्या सोडल्या, ते बदलून गेले. दोघे मात्र अजून डोक्यात आहेत, आणि गंमत अशी की त्यांच्याविषयीचे माझे मत मधल्या काळात जवळजवळ उलटे झाले आहे.

गोड बोलणारा तो चांगला आणि खेकसणारा तो वाईट, असा हिशोब मीही बरीच वर्षे केला. आता तो मला कच्चा वाटतो. मालवाहतुकीत रोज कुठे ना कुठे उशीर होतोच. माल तयार नसतो, कागद अडकतात, वजनकाट्यावर रांग असते, पाऊस येतो. हा झालेला उशीर हवेत विरून जात नाही. तो कोणाच्या तरी खात्यावर पडतो: गिऱ्हाइकाच्या, कंपनीच्या, नाहीतर ड्रायव्हरच्या झोपेच्या. कुठल्या खात्यावर टाकायचा, हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो, आणि पुष्कळदा आपण काही ठरवतो आहोत हे त्याला कळतही नाही.

दोघांपैकी ज्यांच्याबद्दल आधी सांगतो, त्यांनी स्वतः पंधरा वर्षे ट्रक चालवला होता. हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले होते. आपल्यातलाच माणूस वर बसला आहे, त्याला आपले दुखणे समजावून सांगावे लागणार नाही, असा माझा समज होता. त्यांचे बोलणेही मऊ असे. शिवी तर सोडाच, चढा आवाजसुद्धा मी त्यांच्याकडून कधी ऐकला नाही. एकदा सकाळी ८ वाजता एका कारखान्याच्या दारात गाडी लावली. वेळेत पोचायचे म्हणून मी पहाटे ४ ला उठलो होतो. भरणा लगेच होईल असे सांगितले होते, पण माल तयार नव्हता. माल तयार झाला तेव्हा फोर्कलिफ्ट दुसऱ्या गाडीवर गेली होती आणि ती मोकळी झाली तेव्हा ज्याची सही हवी तो माणूस जेवायला गेला होता. गाडी भरून, ताडपत्री आवळून, वजन करून मी बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. माल ४१० किलोमीटरवर उतरवायचा होता आणि वेळ होती दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ची. वळणे, चढ आणि गर्दी धरून भरलेल्या गाडीला ताशी ४० ते ४५ किलोमीटरची सरासरी पडते; म्हणजे नऊ ते सव्वादहा तास नुसते चालवण्यातच जाणार होते. मी फोन केला आणि म्हटले, "साहेब, सगळा दिवस दारात गेला. उद्या दुपारची वेळ मागून घ्या." ते नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "रात्री रस्ता मोकळा असतो रे. बघ, जमतंय का."

'बघ, जमतंय का' या तीन शब्दांवर मी पुढे फार विचार केला आहे. त्यात हुकूम नाही, धमकी नाही, रागही नाही. उद्या काही झाले तर त्यांनी मला जा म्हटले नव्हते, मीच गेलो होतो. आणि नाही जमले, तर पुढच्या महिन्यात चांगल्या फेऱ्या दुसऱ्याच्या वाट्याला जाणार, हे त्यांनी सांगावे लागत नव्हते आणि मी विचारावे लागत नव्हते. जबाबदारी उचलून दुसऱ्याच्या खिशात टाकावी आणि वर त्याच्याच पाठीवर थाप मारावी, इतके कसब त्या वाक्यात होते. ते जाणूनबुजून करत होते, असे मला आजही वाटत नाही. त्यांना कोणीतरी तेच म्हणत आले होते आणि त्यांना ते जमत आले होते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना जागे ठेवून त्यांच्या हाताडोळ्यांचा मेळ मोजला होता आणि त्याची तुलना दारू घेतलेल्या माणसांशी केली होती. सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाच्या पातळीला येतो आणि चोवीस तास जागा असलेला सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला, असे त्यात दिसले. हे मी पुष्कळ उशिरा वाचले आणि वाचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या रात्रीचा हिशोब. रात्री ९ वाजता माझे सतरा तास भरले होते आणि पहाटे ४ ला चोवीस. त्या वेळी अजून दोन तासांचा रस्ता बाकी होता. ताशी ६० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे ६७ मीटर आपली आपण जाते, आणि भरलेल्या ट्रकला ते अंतर पुरेसे आहे. पावणेसहाला मी पोचलो. पोचलो एवढेच मला माहीत आहे, कारण परतीच्या वाटेवर दिवसाउजेडी एक लांब पूल लागला आणि आदल्या रात्री आपण त्याच्यावरून गेलो आहोत, हे मला कितीही ताण दिला तरी आठवेना. आणि सकाळी ६ ची ती वेळ? दार ८ ला उघडले आणि माझी गाडी ११ ला खाली झाली.

पुढे एकदा धीर करून मी त्यांच्याकडे हा विषय काढला. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही बावीस-बावीस तास चालवलंय. तुमच्या गाड्यांना आता पॉवर स्टिअरिंग आहे." त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली आणि ती अनेकांना पटत नाही: चांगल्या मॅनेजरने आधी ट्रक चालवलेला असावा, हे खरे नाही. ज्याने हाल सोसले, तो पुष्कळदा ते हालच माप म्हणून वापरतो.

आता ड्रायव्हर अशा वेळी गप्प का बसतो, हे ज्याने हा धंदा जवळून पाहिलेला नाही त्याला कळणे अवघड आहे. बऱ्याच ठिकाणी पैसे फेरीवर किंवा किलोमीटरवर मिळतात. चाक फिरले तर कमाई, थांबले तर काही नाही. कारखान्याच्या दारात गेलेले दहा तास कारखान्याला फुकट पडतात, मालकाला जवळजवळ फुकट पडतात आणि मॅनेजरला तर ते कागदावर दिसतही नाहीत. त्यांची किंमत फक्त एकच माणूस मोजतो. कायदा करणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट आली नाही, असे नाही. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचे काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ च्या करारात सलग ४ तासांपेक्षा जास्त चालवू नये, दिवसात ९ तासांच्या वर जाऊ नये आणि चोवीस तासांत सलग १० तासांची विश्रांती असावी, असे म्हटले. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते. शिवाय तिथल्या २००६ च्या नियमात एक कलम असे आहे की, रस्त्यावरच्या सुरक्षिततेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर ड्रायव्हरचे पैसे ठरवायचे नाहीत. हे कलम ज्याने लिहिले, तो कधीतरी ड्रायव्हरशेजारी बसला असला पाहिजे.

अमेरिकेत मेख वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे दहा तासांच्या विश्रांतीनंतर कामावर हजर झाल्यापासून चौदा तासांच्या आतच अकरा तास चालवता येते. ही चौदा तासांची घडी एकदा सुरू झाली की, भरण्याच्या रांगेत नुसते उभे राहिले तरी ती पुढे सरकतच राहते. म्हणजे दारातला उशीर उचलून थेट ड्रायव्हरच्या दिवसातून कापला जातो. एकेकाळी तिथले ड्रायव्हर या तासांची नोंद हाताने वहीत करत आणि त्या वहीला आपापसांत 'कॉमिक बुक' म्हणत, इतकी ती काल्पनिक असे. डिसेंबर २०१७ पासून ती नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्राने होऊ लागली. यंत्र खोटे लिहीत नाही हे बरे झाले, पण यंत्र गिऱ्हाइकाला फोनही करत नाही.

ते काम दुसरे मॅनेजर करत. हे मालगोदामाच्या हिशोबातून आलेले गृहस्थ होते आणि ट्रक सोडाच, त्यांना मोटारसायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. ते आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाके मुरडली. माणूस कोरडा होता. डिझेलचा लिटर-लिटर विचारायचे, एव्हरेज अर्ध्या किलोमीटरने पडला तरी समोर बसवून कारण काढायचे, आणि दोन वर्षांनंतरही माझे नाव घेताना अडखळायचे. गाडीचा नंबर मात्र त्यांच्या तोंडावर असे. शाबासकी म्हणून त्यांच्याकडून मी एक शब्द ऐकलेला नाही. आल्यानंतर महिन्याभरात ते एका फेरीला माझ्या शेजारी केबिनमध्ये येऊन बसले. आम्हाला वाटले, पाळत ठेवायला आले. दोन दिवस ते जवळजवळ काही बोलले नाहीत. खिशात एक छोटी डायरी होती, तीत मधूनमधून घड्याळ बघून काहीतरी लिहीत.

भरणा झाल्यावर मी ताडपत्री टाकायला घेतली. पाऊस होता. भिजलेली ताडपत्री कोरडीपेक्षा कितीतरी जड होते, हे आधी सांगितले पाहिजे. ती टपावर चढवायची, मालाच्या उंच-सखल भागांवरून पसरायची, मध्ये पाणी साचू नये म्हणून आतून उंची द्यायची, मग एका बाजूची रस्सी आकड्यात अडकवून गाडीखालून किंवा गाडीवरून दुसऱ्या बाजूला फेकायची, फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या कडेच्या फळीवर, पाय रोवून अंगाच्या वजनाने ओढायची, गाठ मारायची आणि पुढच्या आकड्याकडे जायचे. घाई केली तर वाऱ्याने कोपरा सुटतो आणि एकदा सुटलेला कोपरा पन्नास किलोमीटरांत सबंध ताडपत्री फाडतो. मी हे करत असताना ते छत्री घेऊन खाली उभे होते. मदत केली नाही, करताही आली नसती. मी खाली उतरलो, तेव्हा त्यांनी डायरीत बघून विचारले, "एक तास दहा मिनिटं. कोरड्यात किती लागतात?" मी म्हटले, "चाळीस मिनिटं." त्यांनी ते लिहून घेतले. पुढच्या आठवड्यापासून फेरीच्या कागदावर ताडपत्रीचा वेळ वेगळा धरलेला दिसू लागला, पावसाळ्यात तासभर आणि एरवी पाऊण तास. त्याआधी कुठल्याच मॅनेजरच्या लेखी ताडपत्री बांधायला वेळ लागत नव्हता. ती आपोआप बांधली जात होती.

त्यांनी एक रजिस्टर सुरू केले. दारात गाडी लागल्याची वेळ, भरून सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि मध्ये झालेली विश्रांती, असे चार रकाने. पहिल्या दोन रकान्यांतल्या वेळा बिल्टीच्या, म्हणजे मालासोबतच्या पावतीच्या, मागे लिहून गेटवरच्या माणसाची सही घ्यायची, अशी सक्ती होती. आम्ही वैतागलो. आणखी एक कागद, आणखी एक सही, आणि गेटवरचा माणूस सही द्यायला तयार नसे तो भाग वेगळाच. पण त्यांचा पुढचा नियम असा होता की, दारात दोन तास झाले की आम्ही काही न मागता ते स्वतः माल घेणाऱ्याला फोन करत आणि नवी वेळ मागत. ते विनंती करत नसत. "गाडी तुमच्या माणसांनी थांबवली आहे, उद्या सकाळी नाही, दुपारी पोचेल," एवढे सांगून ठेवून देत. महिनाअखेरीला त्या सह्या लावून खोळंब्याचे बिल पाठवत. सगळ्यांनी ते भरले, असे मुळीच नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतले आणि त्यावरून मालक त्यांना बरेच बोलले. दाराबाहेर उभे राहून आम्ही ते ऐकले. त्यांनी रजिस्टर बंद केले नाही. काही महिन्यांनी इतर दोन ठिकाणी भरणा लवकर होऊ लागला, कारण आता तिथल्या लोकांना थांबवण्याचे पैसे पडत होते.

कागदाच्या बाबतीत या दोघांची तुलना केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ड्रायव्हर कागदाला कंटाळतात, मीही कंटाळत असे, पण बिघाडाच्या बाबतीत कागदासारखा मित्र नाही. पहिल्या मॅनेजरांच्या काळात एकदा माझ्या गाडीच्या ब्रेकच्या हवेचा काटा इंजिन बंद केल्यावर भराभर खाली येऊ लागला. कुठेतरी गळती होती. बाहेरच्यांना वाटते की हवा गेली की ब्रेक लागत नाही एवढेच होते. प्रत्यक्षात मोठ्या गाडीच्या मागच्या चाकांना स्प्रिंगचा ब्रेक असतो, ती स्प्रिंग हवेने दाबून धरलेली असते, आणि हवा फार कमी झाली की स्प्रिंग सुटून चाके आपोआप धरतात. ते उतारावर, वळणावर, मागे गाडी चिकटलेली असताना झाले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. मी बिघाडाच्या वहीत लिहायला गेलो, तर ते म्हणाले, "तोंडी सांगितलंस ना, झालं. लिहू नकोस, ही फेरी मारून ये, मग बघू." त्या वेळी मला यात आपुलकी दिसली, आपल्या शब्दावर विश्वास आहे, कागद कशाला. लिहिलेली तक्रार वाचलेली धरली जाते आणि वाचलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते, हे मला तेव्हा समजत नव्हते. दुसऱ्या मॅनेजरांचे नेमके उलटे होते. तोंडी काही सांगायला गेले की ते मान वर न करता म्हणत, "लिहून दे." लिहून दिले की खाली वेळ टाकून सही करत, आणि त्या सहीनंतर गाडी मिस्त्रीकडे गेल्याखेरीज हलत नसे. हा माणूस आपले ऐकतच नाही, अशी तक्रार आम्ही त्यांच्याबद्दल करत होतो.

युरोपीय संघात २०११ पासून लागू असलेल्या नियमांनुसार प्रत्येक मालवाहतूक कंपनीला एक नाव द्यावे लागते: हा आमचा वाहतूक व्यवस्थापक. त्याची लायकी परीक्षेने सिद्ध झालेली असावी लागते, त्याची वर्तणूक स्वच्छ असावी लागते आणि गंभीर गुन्हे सापडले, तर तो या कामाला अपात्र ठरवला जाऊ शकतो. मला त्यातली परीक्षा महत्त्वाची वाटत नाही. नाव द्यावे लागते, हे महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत जानेवारी २०१६ पासून ड्रायव्हरवर दबाव आणून त्याला नियम मोडायला लावणे हा कंपनीचाच नव्हे, तर माल पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही गुन्हा ठरला. पण त्यात एक अट आहे: हे केले तर नियम मोडेल, असे ड्रायव्हरने समोरच्याला सांगितलेले असले पाहिजे. म्हणजे तो शब्द ड्रायव्हरलाच उच्चारावा लागतो. आणि 'बघ, जमतंय का' या वाक्याची करामत अशी आहे की, त्याला 'नाही' म्हणायचे तर आधी आपल्याला जमत नाही, हे कबूल करावे लागते. कुठल्या ड्रायव्हरला ते आवडेल?

अपघाताच्या फोनवरून माणूस कळतो, असे सगळेच म्हणतात. मलाही तसे वाटत होते, म्हणून ही आठवण सांगतो. पहिल्या मॅनेजरांच्या वेळी माझ्या गाडीला मागून एक टेम्पो धडकला. फोन केल्या केल्या त्यांनी विचारले, "तुला लागलं का? पाणी पी, घाबरू नकोस." माझे डोळे भरून आले. दोन महिन्यांनी मागच्या फाळक्याचा आणि दिव्यांचा खर्च माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापला गेला, तोही तितक्याच मऊपणे, "वरून आलंय रे, माझ्या हातात नाही," असे म्हणत. दुसऱ्या मॅनेजरांच्या वेळी रात्री माझ्या गाडीचा एक टायर फुटला आणि गाडी कठड्याला घासून थांबली. माझा हात ठणकत होता. फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी रस्त्यात आहे का कडेला?" मी म्हटले, अर्धी रस्त्यात. "तू कुठे आहेस?" मी म्हटले, केबिनमध्ये. "आधी उतर. डाव्या बाजूने उतर. कठड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहा आणि मग बोल." मग इशाऱ्याचा त्रिकोण किती पावलांवर ठेवला, ते विचारले आणि पावले कमी वाटली म्हणून पुन्हा ठेवायला लावला. तुला लागले का, हे त्यांनी विचारलेच नाही, निदान पहिल्या दहा मिनिटांत नाही. मी वर्षभर ते मनात धरून होतो. कडेला उभ्या असलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळून त्यात केबिनमध्ये बसलेला माणूस जातो, हे मी पुढे एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या बाबतीत पाहिले, तेव्हा मला त्या प्रश्नांचा क्रम समजला. पगारातून कापायचा विषय तर निघालाच नाही. टायर किती चालला होता, हे त्यांच्याकडे लिहिलेले होते.

मोबाइल आणि जीपीएस आल्यावर मॅनेजरांची नवी जात निर्माण झाली, तिच्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण माझी शेवटचीच काही वर्षे त्यात गेली. पडद्यावर गाडीचा ठिपका थांबला की यांचा फोन येतो: का थांबलास? ठिपका हलत असला तरी यांचा फोन येतो: कुठे पोचलास? दिसते आहे, तरी विचारतात. चालत्या गाडीत फोन उचलला तर गुन्हा, नाही उचलला तर मिजास. त्यातल्या एकाला मी सांगितले होते की, साहेब, निरोप पाठवा, थांबल्यावर बघतो. त्यांनी तो निरोप पाठवला आणि तो मी बघितला की नाही, हे विचारायला फोन केला.

आता माझ्याबद्दल. शेवटच्या दोन वर्षांत पाठदुखीमुळे मला लांबच्या फेऱ्या झेपेनात, म्हणून दुसऱ्या मॅनेजरांनी मला कार्यालयात हाताशी घेतले. एकदा ते तीन आठवडे रजेवर गेले आणि खुर्ची माझ्याकडे आली. इतकी वर्षे मॅनेजरांची मापे काढलेली, तेव्हा हे काम आपल्याला येते याविषयी मला शंका नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात एक गाडी संध्याकाळी साडेसहापर्यंत दारात अडकली. पोरगा नवा होता, पंचवीस-सव्वीसचा. अंतर ३८० किलोमीटर, पोचायची वेळ सकाळी ६. त्याचा फोन यायच्या आधी गिऱ्हाइकाचा फोन आला. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले की उद्या सकाळी माल नसेल तर पुढचे काम आपण दुसरीकडे बघू. मग मालकांचा फोन आला. मग त्या पोराचा आला. "काका, काय करू?" त्याने विचारले. मी म्हणालो, "रात्री रस्ता मोकळा असतो. बघ, जमतंय का."

फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्या कानात वाजले, पण मी परत फोन लावला नाही. रात्री मी नीट झोपलो नाही, याचे मला पुढे काही दिवस समाधानच वाटत होते, जणू त्याने काही फेडले गेले. पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी त्याचा फोन आला, "पोचलो काका." आवाज जड होता. मी शाबास म्हटले. सकाळी रजिस्टर भरताना चौथा रकाना आला. त्याला विचारले नव्हते. मी तिथे '५ तास' असे लिहिले.

रजेवरून आल्यावर साहेबांनी पहिल्या दिवशी रजिस्टर मागवले. पान उलटत त्यांचे बोट त्या ओळीवर आले आणि थांबले. त्यांनी मला जवळची खुर्ची दाखवली, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "साडेसहाला सुटला, पाच चाळीसला पोचला. किती झाले?" मी लिहिले, अकरा तास दहा मिनिटे. "तीनशे ऐंशी किलोमीटर, चाळीसच्या सरासरीने?" मी भागाकार केला, साडेनऊ तास. "राहिले किती?" मी लिहिले, एक तास चाळीस मिनिटे, आणि पेन खाली ठेवले. त्यांनी ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिले. मी '५ तास' खोडून बाजूला खरा आकडा लिहिला आणि त्यांनी सांगितल्यावर त्याच्याखाली माझी सही केली. मग त्यांनी त्या पोराला दोन दिवस कुठल्याच फेरीला लावायचे नाही असे सांगितले, गिऱ्हाइकाचा नंबर विचारला आणि फोन कानाला लावून मला दार ओढून घ्यायची खूण केली.